भिंतीलगतचा लाल वटवट्या

घटस्फोट होऊन बरीच वर्षं लोटली, तरी हिवाळ्यातल्या शनिवारी रेमेदिओस आणि फेर्मीन पक्षी बघायला एकत्रच जायचे. आईबाबांनी संसार मोडला, पण पाखरांची वाटणी काही त्यांना जमली नाही, असं त्यांचा मुलगा इस्माएल म्हणायचा.

जानेवारीतली सकाळ. मेक्सिको शहरावर धुरकट थंडी बसली होती. डोंगरातला लाल वटवट्या थंडीपायी खाली, शहराच्या कडेच्या दरीतल्या बागेत उतरल्याची बातमी होती. बागेच्या वरच्या अंगाला बड्यांचे बंगले, विजेच्या तारा लावलेली उंच भिंत, आणि पाखरू नेमकं त्या भिंतीवर झुकलेल्या सुरूच्या झाडात. मुठीत मावेल एवढं, लालभडक, गालावर चंदेरी ठिपका. फेर्मीननं दुर्बीण लावली ती खाली घेईचना. रेमेदिओस फोनवर फोटो काढत होती.

भिंतीतलं लोखंडी दार उघडलं आणि काळ्या जाकिटातले दोघे बाहेर आले. त्यातल्या जाड्यानं रेमेदिओसच्या हातातून फोन काढून घेतला. दुसऱ्याचा हात जाकिटाच्या आत होता, आणि तो तिथंच राहिला.

कुणासाठी काम करता, असं जाड्यानं विचारलं. पक्षी बघतोय म्हटल्यावर तो नुसता हसला.

"बाग सरकारी आहे," फेर्मीन म्हणाला. "तुझ्या मालकाची नाही."

हा सूर रेमेदिओसच्या ओळखीचा होता. याच सुरात तो एकदा पोलिसाशी भांडला होता आणि बरगड्या मोडून घरी आला होता. आता तर त्याच्या छातीत हृदयाचं यंत्र बसवलेलं.

"आजोबा, दुर्बीण साहेबांच्या खिडकीवर होती," जाड्या म्हणाला. "चला आत. काय सांगायचं ते आतच सांगा."

उघड्या दारातून आतली काळी गाडी दिसत होती. आपण इथं आलोय हे कुणालाच ठाऊक नाही, हे तिच्या एकदम लक्षात आलं. फेर्मीननं तोंड उघडायच्या आत ती मध्ये शिरली.

"माफ करा हो. यांचं डोकं आता ठिकाणावर नसतं. सगळं विसरतात. जरा झाडापाखरांत फिरवून आणते, एवढंच."

फेर्मीनकडे बघायची तिची हिंमत झाली नाही. हा माणूस अपमान गिळणारा नव्हता.

जाड्यानं त्याला निरखलं. "आजोबा, ही कोण तुमची?"

"बायको," फेर्मीन म्हणाला.

"आज वार कोणता?"

फेर्मीनचे ओठ हलले. त्यानं झाडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. उत्तर आलंच नाही. शेवटी दुसऱ्यानं जाकिटातला हात बाहेर काढला आणि सोड म्हणून खूण केली. जाड्यानं फोनमधले सगळे फोटो पुसले, फोन तिच्या हातावर आपटला, आणि पुन्हा इकडे दिसलात तर बघा, असा दम भरला.

दोघं उतार उतरले. मागं वळून बघायचं नाही, एवढंच ती स्वतःला बजावत होती. फाटकाबाहेर मक्याचे उकडलेले तामाले विकणारीच्या गाडीशी पोचल्यावर तिला हसूच फुटलं. काय नाटक केलंस रे, ती म्हणाली, वारसुद्धा माहीत नाही! आणि बायको म्हणे! मग तिनं माफीही मागितली, त्याला वेड्यात काढल्याबद्दल.

तो हसला नाही. आतोलेचा, म्हणजे मक्याच्या पातळ पेजेचा, गरम पेला दोन्ही हातांत धरून म्हणाला, "वार खरंच आठवला नाही, रेमे."

तिनं घेतलेले तामाले गाडीच्या फळीवर ठेवले.

"नोव्हेंबरात डॉक्टरांकडे जाऊन आलो. तुला सांगणारच होतो. म्हटलं, हा हिवाळा तरी नीट जाऊ दे."

इस्माएलला माहीत आहे का, तिनं विचारलं. त्यानं मान हलवली. नाही. रागाचे शब्द तिच्या तोंडाशी आले होते, पण रागवायचं कुणावर? तामाले न खाताच गार झाले.

एरवी ती इथूनच मेट्रोकडे वळायची. आज ती त्याच्या बसमध्ये चढली.

"तुझी वाट तिकडं आहे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. सरक जरा."

त्यानं तिला खिडकीजवळ जागा करून दिली. बस सुटल्यावर ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी फाटकाशी येऊन थांबू नकोस. मी घरी येते तुला न्यायला, दुसऱ्या बागेत जाऊ. आणि उद्या इस्माएलला जेवायला बोलव. तूच सांगायचंस, मी शेजारी बसेन."

त्यानं मान डोलावली आणि बसच्या दांड्यावर ठेवलेला तिचा हात धरला.