उजवीकडची पावलं

मी ज्ञानेशचा हेडफोन बोलतोय. बोलणं हे माझं काम नाही, माझं काम ऐकवण्याचं. तोंडापुढे एक लहानसा माईक आहे खरा, पण त्यातूनही आजवर दुसऱ्यांचंच बोलणं गेलं. आता मात्र चार शब्द बोलून घेतो, कारण या खोलीत हल्ली मला अडवायलाही कुणी येत नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला, तिथलं काही आठवत नाही. मला जाग आली ती नाशकात, महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानाच्या काचेच्या कपाटात. ज्ञानेश तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्यानं मला इंदिरानगरातल्या घरी आणलं आणि त्या दिवसापासून त्याचं डोकं हेच माझं घर झालं.

मी आल्यापासून घरातली हाक त्याला ऐकू येईनाशी झाली. त्याची आई, आशाताई, दारात उभ्या राहून ओरडायच्या, "अरे, कानात बोळे घातलेत का?" वडील किशोरराव ओरडायचे नाहीत. दारापर्यंत यायचे, आत बघायचे आणि परत जायचे. सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर त्यांची उमर गेली होती. मूळचे कळवणकडचे, पण गाव सुटून जमाना झाला होता.

बाप-लेकाचं बोलणं आशाताईंच्या मार्फत चालायचं. "आई, बाबांना सांग, मला उशीर होईल." "त्याला विचार, परीक्षा कधी हाय?" दोघं एकाच खोलीत बसलेले असले तरी बोलणं आशाताईंना वळसा घालूनच जायचं. पुष्कळ घरांत असं असतं, त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

पुढे ज्ञानेशला जर्मनीत नोकरी लागली. जाताना त्यानं नवे हेडफोन घेतले आणि मला ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवरमध्ये काय असतं? जुने चार्जर, एक तुटका चष्मा आणि काळोख. मी तिथे वर्षानुवर्षं पडून राहिलो. एकदा घरात खूप माणसांचे आवाज आले, रडण्याचे आवाज आले. नंतर कळलं की आशाताई गेल्या.

त्या गेल्या आणि बाप-लेकातला रस्ताच खचला. फोन यायचा, नाही असं नाही. किशोरराव तो स्पीकरवर ठेवायचे. "जेवलास का?" "हो. तुम्ही?" "हो." मग दोघंही गप्प. मग किशोरराव म्हणायचे, "बरं, ठेवू?" ठेवल्यावर ते फोन हातात धरून बराच वेळ बसायचे. मी बंद ड्रॉवरमधून ते ऐकायचो, म्हणजे न बोलणं ऐकायचो.

आणि मग तो खेळ बाजारात आला. 'कोल्ड कॉरिडॉर' त्याचं नाव, पाच-पाच जणांच्या दोन टोळ्यांचा, बंदुकांचा. ज्ञानेश कंपनीतल्या मित्रांबरोबर खेळायला लागला होता. एका रविवारी फोनवर बोलायला काहीच उरलं नाही तेव्हा तो सहज म्हणाला, "आम्हाला पाचवा माणूस मिळत नाहीये. तुम्ही येता का बाबा?" त्याला वाटलं होतं, बाबा हसतील. किशोरराव म्हणाले, "येतो."

वरच्या मजल्यावरची मोहिनी घरूनच कंपनीचं काम करते. तिनं येऊन ज्ञानेशच्या कॉम्प्युटरवर खेळ चढवला आणि मला ड्रॉवरमधून बाहेर काढून पुसलं. कितीतरी वर्षांनी मी पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर बसलो. केस विरळ होते आणि डोक्याला खोबरेल तेलाचा वास होता.

खेळाबद्दल माझं मत विचाराल, तर माझ्यातून गेलेल्या सगळ्या खेळांत इतका शांत खेळ मी ऐकला नाही. बाकीच्यांत नुसता धडामधूम, कान किटतात. इथे पावलांचा आवाज हाच सगळा जीव. फरशीवरचं पाऊल वेगळं, लाकडी जिन्यावरचं वेगळं, ओल्या खडीवरचं वेगळं. एक गोळी लागली की माणूस संपला, त्यामुळे शहाणपणा करून एकट्यानं घुसता येत नाही. फेरी सुरू होण्याआधी थांबून ठरवावं लागतं, कोण कुठे उभा राहणार, कोण कुणाची पाठ राखणार. म्हणजेच बोलावं लागतं. आणि बोलण्यासारखं काही नसलेल्या दोन माणसांना आणखी काय हवं होतं?

"बाबा, तुम्ही जिन्याखाली थांबा. हलायचं नाही."

"नाय हलत. तू कुठंय?"

"मी वर. तुमच्या बरोब्बर डोक्यावर."

"सांभाळून रे. तिथं खिडकी हाय."

एवढं बोलणं त्या घरात दिवाळीलाही झालं नव्हतं. दर रविवारी संध्याकाळी किशोरराव अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसायला लागले. नेम त्यांचा इतका वाईट, की भिंतीला गोळी लागली तरी ज्ञानेश शाबासकी द्यायचा. पण थांब म्हटलं तिथे थांबायचे आणि पोरगा कुठे आहे याची चौकशी सोडायचे नाहीत.

या खेळात एक अजब गोष्ट आहे. माईक उघडा असला तर जवळ आलेल्या शत्रूलाही तुमचं बोलणं ऐकू येतं. खरोखरीच्या लढाईत येईल तसंच. सगळे या गोष्टीची तारीफ करायचे. किशोररावांच्या मात्र ते लक्षातच राहायचं नाही. एकदा बाप-लेक एका कपाटामागे दबा धरून बसले होते. जिंकायला दोन मिनिटं थांबणं पुरेसं होतं. शांतता पाहून किशोररावांनी हळूच विचारलं, "जेवलास का?"

दाराबाहेरच्या शत्रूनं तिथल्या तिथे दोघांनाही टिपलं. वर तो हसून म्हणाला, "अंकल, मैंने तो खा लिया!"

ज्ञानेश इतका हसला, इतका हसला, की माझे पडदे थरथरले. किशोररावही हसले. त्या घरात हसण्याचा आवाज मी पुष्कळ दिवसांनी ऐकला.

पण नव्याचे नऊ दिवस. खेळात दोष होते आणि ते एकेक करून बाहेर पडले. नकाशे मोजके तीनच, त्याच त्या खोल्या. पहिल्याच मिनिटाला मेलात, तर फेरी संपेपर्यंत भुतासारखं बघत बसायचं. दारं मधेच अडकायची. सर्व्हर ऐन रंगात आलेल्या डावात मान टाकायचा. ज्ञानेशचे मित्र कंटाळून एकामागून एक गळाले. त्यांच्या जागी खेळ स्वतःचे यांत्रिक गडी पाठवायचा. ते इंग्रजीत अदबीनं बोलायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. शेवटी मैदानात खरी माणसं दोनच उरली, बाप आणि लेक.

आणि एक दोष असा होता, जो ज्ञानेशला माहीतच नव्हता.

एक दिवस माझ्या डाव्या बाजूची तार सैल झाली. किशोररावांनी मला हलवलं, झटकलं, मग मोहिनीला बोलावलं. "हा बंद पडलाय. आवाजच येत नाय." मोहिनीनं मला कानांना लावलं. उजव्या बाजूला आवाज खणखणीत येत होता. तिनं मला खाली घेतलं आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"काका, तुम्हाला उजव्या कानानं ऐकू येत नाही का?"

"वायरचं काहीतरी असेल," किशोरराव म्हणाले आणि तिला चहा विचारायला स्वयंपाकघरात गेले.

प्रेस मशीनच्या दणक्यांनी तो कान केव्हाच गेला होता. मशीनवरून काढतील या भीतीनं त्यांनी कारखान्यात सांगितलं नाही. आशाताईंना माहीत होतं. त्या न सांगता कायम त्यांच्या डावीकडे बसायच्या. पोराला कशाला सांगायचं, म्हणून पोराला कुणीच सांगितलं नाही.

मोहिनीनं तार नीट करून दिली. खेळाच्या सेटिंगमध्येही तिनं शोधलं. रंग नीट दिसत नसलेल्यांसाठी सोय होती, दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात आणण्याची नव्हती. ज्यानं आवाजावर एवढी मेहनत घेतली, त्याला एका कानाचा माणूस सुचला नाही. जाताना ती एवढंच म्हणाली, "काका, ज्ञानेशला सांगा."

सांगण्याऐवजी त्यांनी एक युक्ती काढली. खेळातला आपला माणूस ते सारखा गोल फिरवायचे, म्हणजे उजवीकडचा आवाज डावीकडे येईल. बघणाऱ्याला वाटावं, याला भोवळ आली आहे.

"बाबा, गिरक्या कशाला घेताय?"

"असंच. बघतोय इकडंतिकडं."

गिरकी पुरी व्हायच्या आत उजवीकडून कुणीतरी यायचं आणि ते मरायचे. मी त्यांच्या उजव्या कानात ती पावलं वाजवत होतो. एकेक पाऊल, स्वच्छ, जवळ येणारं. जीव तोडून वाजवत होतो हो! पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी ज्ञानेशचा आवाज सुरुवातीपासूनच थकलेला होता. दोनदा सर्व्हर पडला. तिसऱ्या वेळी ते जिंकायच्या बेतात होते. ज्ञानेश मेलेला होता, वरून बघत होता आणि ओरडत होता, "उजवीकडे! बाबा, उजवीकडून येतोय, पावलं ऐका ना!" बाबांनी गिरकी घेतली आणि पडले.

मग ज्ञानेश म्हणाला, "जाऊ द्या बाबा. या गेममध्ये आता राम नाही. माणसंच उरली नाहीत. पुढच्या रविवारपासून मी नाही येत."

किशोररावांचा हात माऊसवर तसाच राहिला. रविवार गेला म्हणजे सगळंच गेलं, हे त्यांना कळत होतं. पुन्हा ते "हो. तुम्ही?" आणि "ठेवू?"

"मी शिकतो ना," ते घाईनं म्हणाले. "सकाळचं एकट्यानं खेळून बघतो. तू म्हणशील तसं करतो."

"तुम्ही ऐकता कुठे?" ज्ञानेशचा आवाज एकदम चढला. "आत्ताच नाही, लहानपणापासून. एका कानानं ऐकायचं, दुसऱ्या कानानं सोडून द्यायचं."

"दुसरा कानच नाय माझा," किशोरराव म्हणाले.

"काय?"

"उजवा. उजव्यानं ऐकू येत नाय मला."

"कधीपासून?"

"तू शाळेत होतास. आठवी-नववी असेल."

ज्ञानेश अगदी हळू बोलायला लागला. "बाबा, बारावीनंतर जेवताना मी तुम्हाला सांगितलं होतं. मला मेकॅनिकल नको, मला आवाजाचं शिकायचंय, रेकॉर्डिंगचं. आईला मधे न घालता पहिल्यांदा स्वतः बोललो होतो. दिवसभर हिंमत गोळा केली होती. तुम्ही मान वर केली नाहीत. आईला म्हणालात, वांग्याची भाजी वाढ."

"तू कुठं बसला होतास?"

"माझ्या नेहमीच्या जागेवर. तुमच्या उजवीकडे."

किशोररावांनी दोन्ही हातांनी मला डोक्यावर दाबून धरलं. "मला वाटलं, तुला आवडतंय. तू कधी नको म्हणालाच नाहीस. ज्ञानेश, अरे, आलंच नाय रे माझ्यापर्यंत."

ज्ञानेश काहीतरी म्हणू लागला. "मी इतकी वर्षं..." एवढंच मी ऐकवू शकलो. पडद्यावर अक्षरं आली: सर्व्हरशी संपर्क तुटला.

त्या खेळाचे सगळे दोष मी पोटात घातले असते, हा एक नाही घातला. "हॅलो? हॅलो, ज्ञानेश?" किशोरराव माझ्या माईकमध्ये म्हणत राहिले आणि माझ्याकडे द्यायला काहीही नव्हतं.

मग टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी मला घाईघाईनं काढून टेबलावर पालथं टाकलं आणि फोन डाव्या कानाला लावला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. इतकी वर्षं त्या दोघांमधला प्रत्येक शब्द माझ्यातून किंवा माझ्यासमोरून गेला होता, तो आता माझ्या हद्दीबाहेर गेला. मला ऐकू येत होते ते फक्त किशोरराव. "हं... हं... नाय रे, तुझं काय चुकलं त्यात... रडू नको... बोल. सगळं बोल. पहिल्यापासून सांग."

मध्येच बटाट्याची भाजी करपल्याचा वास आला. ते उठले, गॅस बंद करून आले, फोन काही खाली ठेवला नाही.

ज्ञानेश आहे तोच इंजिनिअर आहे, गेलेली वर्षं कुणी परत आणून देत नाही. पण फोन आता मधल्या वारीही येतो. बाप-लेक भांडतातसुद्धा. कानाच्या डॉक्टरकडे जाण्यावरून परवा चांगलीच जुंपली होती. मोहिनी म्हणाली, त्या खेळाचे सर्व्हर लवकरच बंद करणार आहेत. बातमी ऐकून किशोररावांनी "अरेरे" म्हटलं आणि पेपर वाचायला घेतला.

मला कुणी पुन्हा डोक्यावर घेतलं नाही. मी जसा पालथा पडलो तसाच टेबलावर आहे, माझ्यावर धूळ साचते आहे. एकटं वाटतं, खोटं कशाला सांगू? मला दोन कान आहेत आणि दोन्ही शाबूत आहेत, फक्त आता त्यांच्यामध्ये कुणाचं डोकं नाही.

तुमच्याही घरी एखादं माणूस असेल, तुम्ही बोलता आणि ते मान वर करत नाही. रागावून उठून जाऊ नका. जरा उठा, त्याच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसा, आणि तेच पुन्हा एकदा सांगा.