भिंतीकडे तोंड केलेला आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. आसेगावात शालिग्रामच्या घरी, आतल्या दाराजवळच्या खिळ्यावर माझी जागा आहे. माझी काच वाशीमच्या बाजारातली, चौकट गावच्या सुताराची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला शालिग्रामच्या बायकोने, विजयमालाने, ती काच बसमध्ये मांडीवर धरून आणली.

तिच्या दोन्ही मुली माझ्यापुढे वाढल्या. थोरली वैभवी, धाकटी निकिता. वेणी घालून झाली की विजयमाला मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवायची आणि गालावरून बोट फिरवायची. वैभवीला पुटकुळ्या आल्या, तेव्हा आधी आईलाच कळले. रात्री ती स्वतःची टिकली काढून माझ्या कोपऱ्यावर चिकटवायची.

मागच्या वर्षी ती वारली. सुतकात आरसा उघडा नको म्हणून शेजारच्या नानीबाईने मला भिंतीकडे फिरवले. तेरवी झाली की घरच्या माणसाने सरळ करावा, असे सांगून ती गेली. तेरवी झाली. शालिग्राम माझ्यापाशी आला, चौकटीला हात लावला आणि तसाच शेतात निघून गेला. माझ्या कोपऱ्यावर तिची शेवटची टिकली होती.

मग माझ्यापुढे नुसती भिंत. चुन्याचे पोपडे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या मुंग्या. ऐकू मात्र सगळे येत होते.

बाबांनी आरसा सरळ केला नाही, म्हणजे करायचा नाही, असे निकिताने धरले. ती फोनमध्ये तोंड पाहू लागली. तो फोन डाग पुसून चेहरा गुळगुळीत दाखवायचा. कॉलेजला जाताना तोंडाला स्कार्फ असायचाच, तो सगळ्याच मुलींना असतो, म्हणून कोणी काही पाहिले नाही. मैत्रिणीने गोरे करणारी एक क्रीम दिली, ती लावू लागली. तोंड धुताना ती हळूच ‘आई गं’ म्हणायची. शालिग्रामला वाटायचे, पोरीला आईची आठवण येते. तो तिच्या तोंडाकडे न पाहता शेतात निघून जाई.

वाशीमला दिलेली वैभवी माहेरी आली, तेव्हा तिने बहिणीचा स्कार्फ सोडला आणि म्हणाली, “किती पुटकुळ्या ह्या!”

निकिता म्हणाली, “थोड्याशाच हायेत. फोनमंदी पाह्य ना, काहीच दिसत नाही.”

“तुया फोन तं शेजारच्या हरीओमच्या म्हशीलेही गोरी करते,” वैभवी म्हणाली आणि माझ्याकडे आली.

शालिग्राम दारातून म्हणाला, “राहू दे पोरी. तो तसाच राहू दे.”

“बाबा, आईच्या टिकलीले मी हात नाही लावत. पन हिले सोताचं तोंड तं पाहू द्या.”

मग शालिग्रामनेच मला खिळ्यावरून काढले, टिकली सोडून धोतराच्या सोग्याने पुसले, ओसरीवर सकाळच्या उजेडात नेले आणि दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. इतक्या दिवसांनी निकिताचा चेहरा माझ्यात आला.

वैभवीने तिला साध्या पाण्याने तोंड धुवायला लावले. मग माझ्यात पाहायला लावले: आधी समोरून, मग एकेक गाल, मग जबड्याची कड. वैभवीच्या पुटकुळ्यांच्या वेळी वाशीमच्या त्वचेच्या डॉक्टरांनी तिला जे सांगितले होते, तेच ती सांगत होती. नुसते काळे-पांढरे ठिपके असतील तर त्रास हलका. लाल, पू धरलेल्या पुटकुळ्या खूप असतील तर मधला. आत खोल, कडक, दुखणाऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडत असतील, तर घरी थांबायचे नाही. पुटकुळ्या थोड्या असल्या तरी मनाला लागत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायचे.

ठिपके आणि पुटकुळ्या मी दाखवल्या. गालावरचे खड्डेही दाखवले. पण जबड्याखालची गाठ माझ्यात नीट दिसत नव्हती. तिथे निकिताचे बोट गेले आणि थांबले.

“अथी दुखते,” ती म्हणाली. “लय दिवसापासून दुखते.”

शालिग्रामने मान खाली घातली. खाली माझ्या कोपऱ्यावर विजयमालाची टिकली होती.

दुसऱ्या दिवशी तिघे वाशीमला गेले. डॉक्टरांनी क्रीम बंद करायला आणि पुटकुळ्या न फोडायला सांगितले. औषधाला काही महिने लागतील, गाठी बसतील, पण काही खड्डे राहतील. लवकर आले असते तर कदाचित राहिले नसते. हे मला कळले, कारण घरी आल्यावर शालिग्रामने ते नानीबाईला सांगितले.

आता मी सरळ टांगलेला आहे. दर रविवारी सकाळी तो मला ओसरीवर नेतो. एका हाताने मला धरतो, दुसऱ्या हाताचे बोट मुलीच्या जबड्यावरून फिरवतो. त्याचे बोट जाड, नांगराचे. ते चुकीच्या जागी जाते. निकिता ते धरून बरोबर जागी नेते.

मित्रांनो, आपला चेहरा जसा आहे तसा दिवसाच्या उजेडात पाहा. दुखत असेल तर झाकू नका. आणि तुमच्या घरातून कोणी गेले असेल, तर मागे उरलेल्यांची तोंडे पाहायला विसरू नका. भिंतीकडे तोंड करून मला कोणाचेच दुखणे दिसले नाही.