बिल्ल्यांखालचा निळा रंग

मित्रांनो, माझ्या छातीवर आणि पाठीवर जे गडद निळे चौकोन तुम्हाला दिसतात, ते डाग नव्हेत. तो माझा मूळ रंग आहे. बाकी सगळीकडे मी उन्हाने, घामाने आणि साबणाने विटलो. त्या चौकोनांवर मात्र वर्षानुवर्षे कापडी बिल्ले शिवलेले होते, म्हणून त्यांच्याखाली मी कोरा राहिलो. ते बिल्ले आता नाहीत. ते कसे गेले, हे सांगण्यासाठीच मी आज तुमच्यापुढे बोलत आहे.

मी डेनिमचे एक जुने जाकीट आहे. जाड कापड, दुहेरी शिलाई, पितळी गुंड्या. एका मोठ्या कारखान्यात, एकाच मापाच्या असंख्य भावंडांबरोबर माझा जन्म झाला. दुकानाच्या दारात लटकत असताना एका तरुणाने मला चिमटीत धरून पाहिले आणि भाव न करता विकत घेतले. तो लेथ मशीनवर काम करीत असे. मशीन चालू असतानाही त्याची हाक शेडच्या दुसऱ्या टोकाला पोहोचायची, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. घरी नेल्यानेल्या त्याने कात्री घेतली आणि माझ्या दोन्ही बाह्या खांद्यापासून कापून टाकल्या. मी नवा होतो. माझे काय चुकले, ते मला कळेना.

“अरे दादा, धडधाकट जाकीट होतं ते!” त्याची धाकटी बहीण ओरडली.

“बाह्यांचं जाकीट थंडीसाठी असतं, सुईबाई. हे शोसाठी आहे.”

धाकटी घरातच शिलाई मशीनवर लोकांचे कपडे शिवत असे. त्यावरून तो तिला सुईबाई म्हणे. तिने माझ्या उघड्या खांद्यांना आतून पट्टी लावली आणि बाह्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यांची एक थैली शिवली. सुया, रिळे, खडू त्यात राहू लागले. मित्रांनो, ही थैली लक्षात ठेवा.

भोंगा ज्याला शो म्हणायचा, तो एका हार्ड रॉक बँडचा कार्यक्रम असे. केस वाढवलेले चार गायक-वादक, धुराचे लोट, मंचावरून उसळणाऱ्या ज्वाळा, आणि माणसाच्या बरगड्यांत घुमणारा आवाज. गिटारचा पहिला तडाखा बसला की माझ्या पितळी गुंड्या आपोआप थरथरत. त्यासाठी भोंगा आणि त्याचे दोस्त पहाटेपासून फाटकाबाहेर पुठ्ठे अंथरून बसत. रांगेतली जागा जाऊ नये म्हणून दिवसभर घोटभरसुद्धा पाणी पीत नसत. फाटक उघडताच धावत सुटत आणि मंचापुढच्या लोखंडी कठड्याला जाऊन चिकटत. मागून हजारोंचा रेटा येई. कठड्याची आडवी सळई माझ्या पोटावर इतकी रुतायची की तिथला धागा कायमचा विरला. या मंडळींनी स्वतःला नाव दिले होते, ‘पहिली रांग’.

पहिल्या रांगेचा एकच नियम होता आणि तो भोंग्याने केला होता: जो शेवटचे गाणे संपेपर्यंत उभा राहील, त्यानेच त्या शोचा बिल्ला जाकिटावर लावायचा. प्रत्येक शोनंतर तो बिल्ला घेऊन घरी येई आणि धाकटीपुढे टाकी. ती मशीन थांबवून हाताने, बारीक टाक्यांनी तो माझ्यावर शिवी. शिवताना विचारी, “या वेळी काय झालं?” मग तो पाय पसरून सांगत बसे: वीज गेली तेव्हा गायकाने अंधारात एकट्याने कसे गायले, ड्रम वाजवणाऱ्याची काठी तुटून कुणाच्या कपाळाला कशी लागली. शेजारच्या काकू डोकावून म्हणायच्या, “काय गं, इतकी ठिगळं? भावाला नवं घे की एखादं!” त्यावर धाकटी हसे. एकदा तिने हळूच विचारले, “मलाही ने ना रे कधी.”

“तुला?” भोंगा म्हणाला. “कठड्यावर बरगड्या मोडतील तुझ्या. तू आपले टाके घाल.”

तिने टाके घातले.

मी तेव्हा फार सुखात होतो. एका शोमध्ये शेवटच्या गाण्याला गायक मंचाच्या टोकाशी आला, त्याने आमच्याकडे बोट रोखले आणि माइकमधून ओरडला, “तू पुन्हा आलास!” भोंग्याने मला अंगातून काढून हवेत उंच धरले. त्या दिवसापासून तो जो भेटेल त्याला सांगे, “तो मला ओळखतो. माझ्या जाकिटावरून ओळखतो.”

याच सुखाच्या काळातली एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. पहिल्या रांगेत एक कारकून होता, जाड भिंगांचा. त्याला सगळे चष्मा म्हणत. एका शोमध्ये शेवटच्या गाण्याआधी तो गर्दीत गुदमरून कोसळला आणि स्वयंसेवकांनी त्याला उचलून मैदानाच्या कडेच्या प्रथमोपचाराच्या तंबूत नेले. पुढच्या शोला तो त्या दिवसाचा बिल्ला लावून रांगेत आला.

“हा कुठून आला?” भोंग्याने विचारले.

“मी होतो की तिथे. तंबूतून सगळं ऐकू येत होतं.”

“झोपून ऐकलंस. नियम उभं राहण्याचा आहे.” भोंग्याने खिशातून कटर काढला, चष्म्याची कॉलर धरली आणि सगळ्यांदेखत बिल्ला कापून खाली टाकला. “घे, आता झोपून लाव.”

रांग खदखदून हसली. चष्माही हसला. हसता हसता त्याने भिंगे पुसली, आणि पुष्कळ वेळ पुसतच राहिला.

वर्षे गेली. बँड म्हातारा झाला. गायक समोरच्या पडद्यावर ओळी वाचून गाऊ लागला. सूर वर चढायची वेळ आली की माइक लोकांकडे धरून तो दम खाई आणि लोक त्याच्या वाटणीचे गाऊन टाकत. ड्रम वाजवणारा कमरेला पट्टा बांधून बसे. पहिल्या रांगेचेही केस गेले, पोटे सुटली. तरी कठडा कुणी सोडला नाही.

मग एके दिवशी शेडमध्ये साखळीने उचललेला लोखंडी दंडगोल निसटला आणि भोंग्याच्या कमरेवर आला. तो वाचला, पुन्हा उभा मात्र राहिला नाही. पहिली रांग त्याला एकदाच भेटायला आली. धाकटीने सगळ्यांना चहा दिला, चष्म्याच्या शर्टाची लोंबणारी गुंडीही लावून दिली. निघताना चष्म्याने दारातून विचारले, “मग कठड्याजवळची तुझी जागा आता मी घेऊ ना?” उत्तराची वाट न पाहता तो जिना उतरला.

घर धाकटीच्या मशीनवर चालू लागले. मी पलंगासमोरच्या खिळ्यावर टांगला गेलो. माझ्या खांद्यांवर धूळ बसली, ओलीने काखेत बुरशी धरली. मला कोणी हात लावत नसे.

आणि बँडने शेवटचा शो जाहीर केला.

“तू जा,” भोंगा धाकटीला म्हणाला. त्याचा आवाज अजूनही भिंतींना पुरून उरत असे. “हे घालून जा. कठड्यापर्यंत पोहोच. शेवटच्या गाण्याला हे वर धर. तो ओळखेल. मी आलो नाही, पण मी आहे, एवढं त्याला कळलं पाहिजे. आणि येताना आजचा बिल्ला आण.”

धाकटीने मला घासून धुतले, उन्हात वाळवले. अंगात घातल्यावर मी तिला मांड्यांपर्यंत येत होतो. ती आरशासमोर उभी राहिली, मान वळवून स्वतःची पाठ पाहू लागली आणि गालातल्या गालात हसली. केस पिकल्यावर तिला पहिल्यांदा शोला जायला मिळणार होते, तेही एकटीला.

पहाटे ती रांगेत पोहोचली. पहिली रांग पुठ्ठ्यांवर बसली होती. चष्मा उठून समोर आला.

“हे कुणाचं?”

“दादाचं. भोंग्याचं.”

“ते दिसतंय. तू कोण?”

मित्रांनो, त्याच्या अंगात तोच शर्ट होता. तिने लावलेली गुंडी मला दिसत होती.

“मी बहीण त्याची. त्याला उभं राहता येत नाही. शेवटच्या गाण्याला हे वर धर म्हणालाय.”

“धर ना, कोण नको म्हणतंय? पण हे बिल्ले? किती शोंना आलीस तू?”

“आजच आले.”

“ऐका! आजच आल्या, आणि पाठ भरून बिल्ले! ताई, एवढे तर माझ्याकडेही नाहीत.” रांग हसली. एक टकला दोस्त म्हणाला, “जाऊ दे ना रे चष्म्या, शेवटचाच शो आहे.”

“शेवटचा आहे म्हणून काय झालं? नियम माझा नाही. हिच्या भावाचा आहे. विचार हिला.”

“यातला टाका न् टाका मी घातलाय,” धाकटी म्हणाली.

“शिवलंस तू, उभा राहिला तो. आणि तो आज इथे नाही.”

“मी आहे ना उभी.”

“मग राहा. शेवटच्या गाण्यापर्यंत राहिलीस तर एक मिळेल. आजचा. हात वर कर.”

त्याने कटर काढला. धाकटीने मला दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरले, तेव्हा दोघांनी तिचे हात बाजूला केले. पाते एकेका बिल्ल्याच्या कडेखाली शिरू लागले. ते टाके फार घट्ट होते. तिने एकही कधी सैल घातला नव्हता. त्यामुळे वेळ लागला. मला वेदना नवी नव्हती, माझ्या बाह्या गेल्या होत्या. पण त्या वेळी पट्टी लावणारे कोणीतरी होते. वरच्या खिशावरचा सर्वांत पहिला बिल्ला निघताना पाते घसरले आणि तिच्या मनगटावर रक्ताची रेघ उठली. तेवढ्यात फाटक उघडले. रांग उठून धावली, आणि खाली पडलेले बिल्ले सगळ्यांच्या बुटांखाली गेले.

धाकटीही धावली. बिल्ले तिने उचलले नाहीत. ती कठड्याला पोहोचली.

तो शो मी विसरणार नाही. मागून रेटा आला, सळई माझ्या विरलेल्या जागी पुन्हा रुतली, गुंड्या थरथरल्या. गायकाने दम खाण्यासाठी माइक लोकांकडे धरला आणि धाकटीने तोंड उघडले. भोंगा घरी लावायचा ती गाणी भिंतीपलीकडून ऐकून तिला सगळी पाठ होती. तिचा आवाज असा काही सुटला की शेजारची माणसे वळून पाहू लागली. त्या घरात आणखी एक भोंगा होता, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

शेवटचे गाणे सुरू झाले. तिने मला काढून उंच धरले. मी वाऱ्यावर पसरलो, बिल्ल्यांवाचून, गडद चौकोनांचा. गायक आमच्याकडे आला, त्याने बोट रोखले आणि ओरडला, “तू पुन्हा आलास!” माझा धागा न् धागा ताठ झाला. मग तो मंचाच्या डाव्या टोकाला गेला आणि तिथे बोट रोखून ओरडला, “तू पुन्हा आलास!” मग उजव्या टोकाला. मग मागच्या अंधारातल्या गर्दीकडे, जिथले तोंडसुद्धा दिसत नव्हते. प्रत्येक ठिकाणी हातांचे जंगल उसळत होते. आमच्या शेजारी चष्मा हुंदके देत होता, “मला म्हणाला! मलाच!”

धाकटीने मला खाली घेतले. शेवटचा ठोका वाजेपर्यंत ती हलली नाही. बाहेरच्या दुकानातून तिने त्या दिवसाचा बिल्ला घेतला. परतीच्या बसमध्ये, मला मांडीवर ठेवून ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, “ओळखलं, दादा. बोट दाखवून म्हणाला.” पुन्हा पुन्हा, खरे वाटेपर्यंत.

भोंग्याने मला हातात घेतले. गडद चौकोनांवरून त्याचा अंगठा फिरला.

“कुणी?”

“चष्म्याने. नियम म्हणाला.”

त्याने मला उलटून पाठही पाहिली. मग म्हणाला, “बरोबर केलं त्याने. तू त्या शोंना गेली नव्हतीस. पण बिल्ले कुठायत?”

“तिथेच. पायाखाली.”

“उचलले नाहीस? एवढं साधं काम नाही झालं तुझ्याच्याने?”

तिच्या मनगटाला रुमाल बांधलेला होता. तो त्याच्या नजरेसमोरच होता.

“आणि गायकाने? ओळखलं का?”

बसमधले वाक्य तिच्या ओठांवर आले असावे. तिने ते गिळले.

“तो सगळ्यांनाच म्हणतो, दादा. जिकडे बोट जाईल तिकडे म्हणतो.”

भोंग्याचा चेहरा भिंतीकडे वळला. त्याला न शोभणाऱ्या बारीक आवाजात तो म्हणाला, “आजचा आणलास ना? लाव तो. वरच्या खिशावर. एक तरी राहू दे, सुईबाई.”

धाकटीने बिल्ला पिशवीतून काढला, हातावर घेऊन पाहिला.

“तू उभा होतास का, दादा?”

तिने माझ्या बाह्यांची ती जुनी थैली उघडली, बिल्ला आत टाकला आणि नाडी ओढली.

मी पुन्हा खिळ्यावर आहे. धाकटी भोंग्याला वेळेवर जेवू घालते, कूस वळवते, औषध देते. कशातही कमी करत नाही. बिल्ल्याचा विषय मात्र दोघेही काढत नाहीत.

आणि गेल्या आठवड्यात त्या म्हाताऱ्या बँडने आणखी एक शेवटचा शो जाहीर केला. धाकटीने तिकीट काढले. स्वतःच्या मापाचे नवे जाकीट आणले; त्याच्या बाह्या तिने कापल्या नाहीत. मग पलंगासमोर बसून तिने थैलीतून तो बिल्ला काढला आणि बारीक टाक्यांनी त्या जाकिटावर शिवला. भोंगा पाहत होता. ती दोरा दातांनी तोडून उठली, तेव्हा त्याने नजर माझ्याकडे वळवली.

मित्रांनो, कपडा फाटला तर कोणीतरी सांधून देईल, हे तुम्ही धरून चालता. मीही धरून चाललो होतो. माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे की सांधणाऱ्या हाताकडे वेळेवर पाहा, त्याला रुमाल बांधलेला असेल तर आधी त्याची विचारपूस करा. माझ्या वरच्या खिशावर सुईची भोके अजून तशीच उघडी आहेत. त्यांतून एक दोरा ओवायला फार वेळ लागणार नाही. बिल्ल्याचा नको, साधा रिकामा टाका चालेल. तुमच्यापैकी कोणी धाकटीला सांगाल का?