चाळीस माणसांची सुशीला

यंदाचा नाताळ हात आखडूनच करायचा, असं दीपमाला आणि विलास गायकवाडांनी दिवाळी सरता सरताच ठरवून टाकलं होतं. चाकणच्या कंपनीत विलासचा ओव्हरटाइम बंद झालेला, आणि जालना सोडून भोसरीत बिऱ्हाड थाटून जेमतेम सात महिने झालेले. नवा फ्रॉक फक्त करिष्माला. केक कुकरमध्ये घरीच. दारावर लावायची चांदणी विलासने कंपनीत खोक्यांना बांधून येणाऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची केली होती, आणि नऊ वर्षांच्या करिष्माने तिला पतंगाचा कागद चिकटवला होता. चांदणीचं एक टोक जरा वाकडं आलं होतं, पण दिवा लावला की कळत नसे.

सगळं असं मापात बसलं असताना वीस तारखेला सकाळी चर्चच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरी रंगराव साळवे यांचा निरोप आला. ‘सोमवारी सायंकाळी सहा वाजता कॅरोल. शेवटचं घर गायकवाड. अल्पोपहार त्यांच्याकडे.’

दीपमालाने तो निरोप तीनदा वाचला. विलास दाढी करत होता.

“अहो, तुम्ही कॅरोलला हो म्हणालात का?”

“मी? मला वाटलं तूच बायकांच्या सभेत बोलून आलीस.”

“मी कशाला बोलेन? मला तर तिथं चार जणींची नावंसुद्धा नीट माहीत नाहीत.”

दारोदार नाताळची गाणी म्हणत फिरायचं, म्हणजे कॅरोलला चाळीस तरी माणसं असणार. यांची खोली म्हणजे एक पलंग, एक कपाट आणि ओटा. एवढी माणसं जिन्यात उभी राहिली तरी खालच्या मजल्यापर्यंत रांग लागली असती.

“काहीतरी चूक असेल. तुम्ही साळवेकाकांना फोन करा,” दीपमाला म्हणाली.

विलासने लगेच फोन लावला. “काका, जय ख्रिस्त. मी गायकवाड बोलतोय. कॅरोल आमच्याकडेच आहे ना?”

“तुमच्याचकडे! अहो, तुमचं नाव सभेत ठरलंय. सहा वाजता निघू, सातच्या आत पोचतो. जास्त काही करू नका बरं, आपलं साधंच,” असं म्हणून काकांनी फोन ठेवलासुद्धा.

आता नाही म्हणायची सोय उरली नाही. नवीन माणसांच्या दारी मंडळी पहिल्यांदा गाणी म्हणत येणार आणि आपण दार लावून बसायचं, हे दीपमालाला पटण्यासारखं नव्हतं. पण सभेत आपलं नाव कुणी घेतलं असेल? आणि का? आपली परीक्षा पाहायला, की खरंच जिव्हाळ्याने? ती दिवसभर कामं करता करता हाच घोळ घालत राहिली. दोनदा चहात साखर घातली आणि एकदा घातलीच नाही.

समोसे आणायचे तर चाळीस माणसांना शंभर लागतील. मिसळ करायची तर फरसाण आलं, पाव आले. शेवटी तिला सुशीला आठवली. जालन्याला त्यांच्या घरी पाहुण्यांचा लोंढा आला की आई मुरमुरे भिजवून पिळून घ्यायची, कांदा-मिरची-शेंगदाण्याची फोडणी द्यायची, वरून डाळव्याचं कूट आणि कोथिंबीर, की झाली सुशीला. घरभर वास सुटायचा आणि माणसं पोटभर खायची.

शेजारची मदिना हे ऐकून म्हणाली, “मुरमुऱ्याचं पोतं पिंपरी कॅम्पातून स्वस्त मिळेल भाभी. आमचे हनीफ तिकडे भाडं घेऊन जातातच, रिक्षात टाकून आणतील. आणि ईदचं मोठं पातेलं आहे ना माझ्याकडे. पण ही सुशीला तुमच्या देवाला चालते का?”

“देवाला चालते. मंडळीला चालेल का, ते मला माहीत नाही,” दीपमाला म्हणाली.

सोमवारी विलासने पहिली शिफ्ट घेतली. दुपारी दोघांनी मिळून पलंग उभा करून भिंतीला लावला. मदिनाच्या घरातली सतरंजी जिन्याच्या वरच्या टप्प्यावर अंथरली. दीपमालाने कांदा चिरून ठेवला, पण फोडणी मुद्दाम थांबवली, कारण सुशीला गार झाली की चामट होते. बरोब्बर सव्वासहाला तिने मुरमुरे भिजवले. पावणेसातला पातेलं वाफाळत होतं, चहाचं आधण ठेवलेलं होतं, आणि करिष्मा नव्या फ्रॉकमध्ये कठड्याला लोंबकळत रस्त्याकडे बघत होती.

सात वाजले. खालून एक भाजीची गाडी गेली, एक टेम्पो गेला. मंडळीचा पत्ता नाही.

सात वाजून पाच मिनिटांनी विलासचा फोन वाजला. साळवेकाका होते.

“अहो गायकवाड, उघडा की दार!”

विलास धावत जिन्यात आला. तिथे फक्त सतरंजी होती. “काका, दार उघडंच आहे.”

“कुठलं उघडं? बेल दाबून दाबून बोट दुखलं माझं.”

“पण आमच्याकडे बेलच नाही, काका.”

दीपमालाही त्याच्या खांद्याशी येऊन फोन ऐकू लागली. पलीकडे कुणीतरी ढोलकीवर थाप मारत होतं आणि लिफ्टचा आवाज येत होता. लिफ्ट ऐकल्यावर दीपमालाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. “ते कुठे आहेत, विचारा,” ती म्हणाली.

“रावेतला,” विलास फोनवर हात ठेवून म्हणाला. “दुसरे गायकवाड.”

मंडळीत प्रज्वल आणि रश्मी गायकवाडही होते, रावेतच्या नव्या सोसायटीत राहणारे. दीपमालाने रश्मीला दोन-तीनदा लांबूनच पाहिलं होतं. काकांनी परवाचा फोन प्रज्वलचा समजून घेतला होता, आणि आता घाईत तोच नंबर लावला होता. रश्मी आणि प्रज्वल तर खरेदीला गेले होते, घरात कुणीच नव्हतं.

“आता?” विलास म्हणाला. “त्यांना इकडे बोलवायचं?”

“एवढ्या लांब कोण येतंय आता?” दीपमालाने पातेल्याकडे पाहिलं. “काकांना तिथेच थांबायला सांगा. हनीफभाई आहेत का घरी?”

रिक्षात पुढे हनीफ, मागे मधे पातेलं, एका बाजूला विलास, दुसऱ्या बाजूला मांडीवर करिष्माला घेऊन दीपमाला. नाशिक फाट्याला गाड्या अडकल्या. पातेल्याचं झाकण धरून धरून तिचा हात भाजत होता. आपण हे काय करतोय, तिला कळेना. बोलावणं नाही, घर आपलं नाही, आणि आपण दुसऱ्याच्या दारी खाणं घेऊन निघालो आहोत.

रावेतला पोचले तेव्हा रश्मी नुकतीच घरी आली होती. हातात खरेदीच्या पिशव्या, दारात चाळीस माणसं, आणि घरात द्यायला बिस्किटाचे दोन पुडे. ती सगळ्यांना “बसा, बसा,” म्हणत होती आणि बसायला कुणाला जागा दिसत नव्हती. दीपमाला पातेलं घेऊन आत आली तेव्हा रश्मीने तिच्याकडे असं पाहिलं, की ओळखू की नको.

मंडळी मात्र भुकेली होती. भराभरा कागदी द्रोण निघाले. एक बाई म्हणाली, “ताई, तुम्ही केटरिंगवाल्या का? आमच्याकडे बारशाला याल?” दीपमाला नुसतीच हसली. पाळकसाहेबांनी दुसऱ्यांदा सुशीला घेतली आणि मग प्रार्थना केली. “प्रभू, या गायकवाड कुटुंबाच्या कष्टांना फळ दे,” ते म्हणाले. रश्मीने डोळे मिटले. दीपमालाने उघडे ठेवले आणि विलासकडे पाहिलं. तोही तिच्याकडेच पाहत होता. गाणी झाली, माणसं गेली, पातेलं तिथेच राहिलं.

चोवीस तारखेला सकाळी दीपमाला शंकरपाळी लाटायला बसली होती, तर दारात रश्मी. तीन मजले चढून दमलेली, काखेत मदिनाचं पातेलं, घासून लख्ख केलेलं.

“बसा ना,” दीपमाला म्हणाली. खुर्ची नव्हती, रश्मी पलंगाच्या कडेला बसली.

“मला एक सांगायचंय,” ती म्हणाली. “तुमचं नाव सभेत मीच घेतलं होतं. एवढंच म्हटलं, गायकवाडांकडे ठेवा. मला वाटलं, तुम्ही नवीन आहात, सगळ्यांची ओळख होईल. काकांना वाटलं मी आमचंच म्हणतेय. आणि तुम्हाला काका सांगतील म्हणून मी गप्प राहिले.”

“मला विचारायचं तरी,” दीपमाला म्हणाली.

“हो. विचारायला हवं होतं.” रश्मी खाली बघत म्हणाली. “खरं सांगू? आमच्या सोसायटीत गाणी नको म्हणतात, तेही माझ्या मनात होतं.”

दीपमालाने लाटणं खाली ठेवलं. म्हणजे हा जिव्हाळा होता, की दुसऱ्याच्या गळ्यात लोढणं बांधणं? दोन्ही असेल. रागवावं, की हिने येऊन कबूल केलं म्हणून बरं वाटून घ्यावं? तिला दोन्ही एकदमच वाटत होतं, आणि कुठलंच पूर्ण वाटत नव्हतं.

“सासूबाई विचारत होत्या,” रश्मी हळूच म्हणाली, “त्यात डाळवं होतं की बेसन?”

“डाळवं. कूट करून.” दीपमालाने लाटलेल्या पोळीकडे पाहिलं. पीठ वाळायला लागलं होतं, आणि अजून डबाभर शंकरपाळी बाकी होती. “तुम्हाला कापता येतात का?”

“येतात. तिरक्या येतात थोड्या.”

“चालतील,” दीपमाला म्हणाली, आणि तिने पोळपाट तिच्याकडे सरकवला.