उताणा वास्तुपुरुष

आमच्या नव्या घरातला वास्तुपुरुष सकाळी मला म्हणाला, "बाहेर पाटीवर काय लिहिलंय ते वाचून दाखव."

आवाज ओट्याशेजारच्या फरशीखालून आला. स्वयंपाकघर आग्नेयेला आहे आणि वास्तुशांतीला प्रतिमा आग्नेयेलाच पुरतात, तेव्हा आवाज तिथूनच येणार, त्यात नवल नाही. प्रतिमा पालथी ठेवायची असते. आमच्याकडे ती उताणी ठेवली गेली. खड्ड्याशी हेमंत, माझा नवरा, बसला होता आणि त्याला दया आली. "देवाला तोंडावर पाडायचं? नाकात माती जाईल त्याच्या," असं म्हणून त्याने बोटभर तांब्याचा तो पुरुष आढ्याकडे तोंड करून ठेवला. गुरुजी तेव्हा पुढच्या यजमानांना फोनवर "निघालोच, निघालोच" सांगत होते. आणि मी घरांचे नकाशे काढते. नकाशा वरूनच बघायचा असतो. वरून चेहरा दिसतोय म्हणजे बरोबर आहे, असं मला वाटलं.

माझ्या सासूबाई, माई, आयुष्यभर सांगत आल्या की वास्तू तथास्तु म्हणत असते, घरात वाईटसाईट बोलू नये. आम्ही हसायचो. राहायला आलो त्या दिवशी हेमंत वैतागून म्हणाला, "या घरात मीठ कधी जागेवर नसतंच!" खालून स्पष्ट ऐकू आलं, "तथास्तु." तेव्हापासून मीठ बुटात सापडतं, उशीच्या अभ्र्यात सापडतं, एकदा रेणूच्या कंपासपेटीत सापडलं.

रेणू आमची मुलगी. तिसरीत आहे आणि तिच्या तोंडाला कुलूप नाही. "मरू दे", "मेलेच मी", "जा, नाही राहत मी इथे", असं दिवसभर चाललेलं असतं. मी सतत तिच्या मागे हात पुढे करून फिरत होते, तिचं तोंड दाबायला. मला दुसरं काही सुचत नव्हतं. त्या सकाळी ती शाळेत गेली होती. ती परत यायच्या आत याचं काय ते मिटवायचं, असं मी ठरवलं. म्हणून उत्तर दिलं.

"वास्तुविशारद लिहिलंय," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"वास्तूचं पूर्ण ज्ञान असलेली."

"माझं नाव काय?"

"वास्तुपुरुष."

"ते माझं काम झालं. नाव सांग."

मला येत नव्हतं. बाहेर टपटप आवाज झाला. हेमंत जाऊन बघून आला. पाटीवरचा शब्द अक्षर अक्षर सुटून पायरीवर पडला होता. "वृंदा" तेवढं जागेवर आहे, तो म्हणाला.

"त्याऐवजी दुसरा शब्द सांग," खालून आवाज आला.

"अगो वृंदे, कशाला त्याच्या तोंडी लागतेस?" माई खुर्चीतून म्हणाल्या. पण मला रागच आला होता. एवढं शिकले ते काय गंमत म्हणून? माझ्याच घरात, माझ्याच फरशीखालून माझी परीक्षा घेणारा हा कोण टिकोजीराव? मी म्हटलं, "आर्किटेक्ट. मूळ ग्रीक शब्द. आर्खी म्हणजे मुख्य, तेक्तोन म्हणजे सुतार. सुतारांची मुख्य."

"तथास्तु."

घरातलं सगळं लाकूड कामावर हजर झालं. आधी झोपायच्या खोलीची चौकट दारासकट भिंतीतून निघाली आणि स्वयंपाकघरात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. मग देवघराची, मग खिडक्या. शेवटी पुढचं मोठं दार आलं आणि थेट त्या फरशीच्या काठाशी उभं राहिलं. त्याच्या फटीतून आमच्या पायऱ्या आणि फाटक दिसत होतं. बाकी सगळीकडे, जिथून चौकटी निघाल्या तिथे, भिंती मिटल्या होत्या.

"जागेवर जा," मी म्हटलं. एकही हललं नाही. सगळी दारं माझ्याकडे तोंड करून वाट बघत होती. काय सांगितलं की सुतार ऐकतात ते मला कधी ठाऊकच नव्हतं.

हेमंतचा आवाज बारीक झाला. "वृंदा, या दारातून आपण बाहेर पडूया. आत्ता. माईला धर."

त्याचं ऐकायला हवं होतं. पण रेणू दुपारी याच दारातून येणार आणि खाली हा असाच तोंड उघडं ठेवून पडलेला असणार. मी म्हटलं, एक मिनिट.

माईंनी तेवढ्यात हात जोडले. "देवा, सगळं होतं तसं होऊ दे रे." खालून काहीच नाही. मागितलेलं त्याला ऐकू येत नाही. त्याने विचारलेल्याचं उत्तर आणि आपल्या तोंडून निसटलेलं, एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं.

"आमच्या वेळी तुम्हा लोकांना काय म्हणायचे?" त्याने विचारलं.

हे मात्र मला येत होतं. "स्थपती."

"म्हणजे?"

इथे मी सावध झाले. स्थपती या शब्दाची फोड दोन तऱ्हांनी सांगतात. एक, स्थानाचा पती, जागेचा धनी. हे त्याच्यासमोर म्हणायची माझी छाती झाली नाही. जागेच्या आत तो पडलेला, आणि धनीण मी? म्हणून दुसरा अर्थ सांगितला. तो मला गरीब वाटला.

"स्था म्हणजे उभं राहणं," मी म्हटलं. "स्थपती म्हणजे उभं करणारी."

"तथास्तु."

माई खुर्चीतून उभ्या राहिल्या. त्यांना काठीशिवाय उठता येत नाही, पण उठल्या, ताठ, आणि काठी त्यांच्या शेजारी आपली आपण उभी राहिली. ताटं कडेवर उभी राहिली. डब्यातल्या पोळ्यांनी झाकण उचललं आणि त्याही उभ्या राहिल्या. मी बसून बघायला गेले तर गुडघाच वाकेना. पाऊल उचलायला गेले तर तेही उचलेना. हेमंत दाराकडे हात करून उभा होता, हात दारापासून वीतभर लांब, आणि तिथेच.

"पाय दुखतात हो माझे," माई म्हणाल्या आणि घाबरून स्वतःचं तोंड दाबलं. खालून तथास्तु आलंच.

मग फरशी फुगली. दूध उतू जायच्या आधी साय वर येते तशी ओट्याशेजारची फरशी सावकाश वर आली. ती एकटी नव्हती. सगळीच जमीन वर येत होती, आम्हाला घेऊन, इतकी सावकाश की छत गाठेपर्यंत दुपार झाली. पंख्याचं पातं हेमंतच्या केसांना लागलं आणि बंद पडलं.

"देव बसले होते ना त्याच्या अंगावर," माई हळूच म्हणाल्या. "हातावर, पायावर, छातीवर. म्हणून तो खाली राहतो. पुढे घरातली माणसं बसतात-उठतात, जेवतात, निजतात, म्हणून राहतो. आता या घरात कुणीच बसलेलं नाही गो."

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. मीच सगळ्यांना उभं केलं होतं. छत माझ्या टाळूला टेकलं, गार आणि सपाट, माझ्याच हिशेबाने बांधलेलं. हेमंतने मान तिरकी केली होती. माईंचे ओठ हलत होते, आवाज काढायची हिंमत नव्हती. मलाही बरंच काही ओरडायचं होतं, पण एकेक शब्द तपासून बघितला आणि गिळला.

तेवढ्यात फाटक वाजलं.

दाराच्या फटीतून रेणू दिसली. दप्तर एका खांद्यावर, तोंडाने चाललेली बडबड. 'येऊ नकोस' माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते म्हटलं असतं तर ती कधीच आली नसती, जन्मात नाही. मी दात आवळून धरले. दार तिने बाहेरून ढकललं आणि ती सरळ स्वयंपाकघरात आली. तिला मान वाकवावी लागली नाही. ती मावत होती.

"अय्या, दार इथे कधी आलं?" ती म्हणाली. "आणि तुम्ही सगळे स्टॅच्यू खेळताय?"

तिने दप्तर टाकलं आणि बूट काढायला दाराशीच खाली बसली. ती सकाळी घरात नव्हती, तिचे गुडघे वाकत होते. फुगलेल्या फरशीच्या बरोबर मधोमध ती मांडी घालून बसली.

जमीन खाली जाऊ लागली. छत माझ्या डोक्यावरून सुटलं. हेमंतने मान सरळ केली आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मीठ कुठूनतरी माझ्या हातात आलं होतं, मी मूठ घट्ट मिटली. माझ्या लेकीच्या एवढ्याशा वजनाने तो खाली चालला होता, बोटाबोटाने, कुरकुर न करता. मला वाटलं, सुटलो.

"आई, पोहे आहेत? मी घेऊ का उठून?" रेणूने विचारलं आणि एक हात फरशीवर टेकून अंग उचललं. फरशी तिच्याबरोबर वर आली, झटक्यात, आणि माईंचं डोकं छतावर आपटलं.

"उठू नकोस!" मी ओरडले.

खालून तो अगदी शांतपणे म्हणाला, "तथास्तु."

"बरं, नाही उठत. ओरडतेस काय," रेणू म्हणाली. तिने एक बूट काढून बाजूला ठेवला आणि दुसऱ्याची नाडी सोडू लागली.