नमुन्यातला दवाखाना

"हितं न्हाई मिळत ते इंजेक्शन," कंपाउंडर म्हणाला.

शिवरंजनीने मोबाइल त्याच्यासमोर धरला. "तुमच्या वेबसाइटवर लिहिलंय की. सर्पदंशावर तातडीचे उपचार, चोवीस तास."

त्याने वाकून वाचलं. "सायबांनी नवीन केलीय वाटतं. पण आमी साप चावलेला पेशंट घेतच न्हाई, ताई. सरकारीत न्या. लौकर न्या."

सरकारी दवाखाना मागे राहिला होता. चारठाण्याहून जिंतूरला आल्यावर जीप त्याच्या फाटकापुढूनच गेली होती. शिवकांतने तिथे गाडी हळू केली, तेव्हा मोबाइलमध्ये बघून शिवरंजनीच म्हणाली होती, "दादा, पुढं घे. बोरी रोडला खासगी हाय, तिथं लगेच बघतेत." इथे आल्यावर डॉक्टर येतायत म्हणून त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं. आणि आता हे.

अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, कडब्याची पेंढी उचलली आणि खालची घोणस त्यांच्या हाताला डसली होती. हात कोपरापर्यंत सुजला होता. हिरड्यांतून येणारं रक्त ते उपरण्याने टिपत होते.

"चला माघारी," ते म्हणाले. "त्याला कामून बोलायलीस? त्याचं काय चुकलं?"

सरकारी दवाखान्यात इंजेक्शन होतं. देता देता डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इतका वेळ कुठं होता?" मग परभणीला न्यायला सांगितलं. बोरीच्या पुढे गेल्यावर अप्पांनी शिवरंजनीच्या खांद्यावर मान टाकली, ती पुन्हा उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी शेतात, घरच्या रीतीप्रमाणे, त्यांना मांडी घालून बसवून माती दिली.

शिवरंजनी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करी. दुकानदाराने फोनवर दोन-चार वाक्यं बोलायची आणि एआय एजंटने त्याची वेबसाइट उभी करायची, असा त्या कंपनीचा धंदा. पान तयार करणं, फोटो लावणं, सेवा लिहिणं, अशी निरनिराळी साधनं एजंटच्या हाताशी दिलेली. कोणतं साधन केव्हा वापरायचं आणि त्यात काय भरायचं, हे ती लिहून देई. एजंट ते वाचून चाले. "पोरगी मशिनीला शिकवायलीय," असं अप्पा पारावर सांगत.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर तिने लॅपटॉप उघडला. त्या दवाखान्याचं पान पुन्हा बघायचं होतं. कुणावर तरी राग काढायचा होता.

तापावर उपचार. सुरक्षित बाळंतपण. सर्पदंशावर तातडीचे उपचार, चोवीस तास.

ती वाचत राहिली. हे शब्द तिचे होते. सेवा लिहिण्याच्या साधनाच्या सूचनांखाली, एजंटला कळावं म्हणून दिलेला नमुना होता तो. उन्हाळ्यात ओट्यावर बसून ती लिहीत असताना अप्पा शेजारी येऊन बसले होते.

"काय करायलीस?"

"एक खोटाच दवाखाना लिहायलेय, अप्पा. त्यात काय काय पाहिजे?"

"सापाचं लिही. आपल्याकडच्या लोकांला तेच लागतंय. अन् रात्रंदिवस उघडा ठिव."

दोघंही हसले होते.

पान तिच्याच कंपनीच्या एजंटने बनवलं होतं, आणि दवाखान्याच्या मालकाने त्याला सेवा सांगितल्याच नसाव्यात. रिकामी जागा एजंटने नमुन्यातून भरून काढली होती.

तिने पुण्याला, कंपनीतल्या अर्पिता मॅडमना फोन लावला.

"बरं झालं तुझ्या लक्षात आलं," त्या म्हणाल्या. "नमुना काढून टाक. मालकाने सांगितलेल्याच सेवा लिहाव्यात, माहीत नसेल तर विचारावं, अशी ओळ घाल."

"आणि आधी झालेली पानं?"

"ती आता ज्याची त्याची आहेत गं. आपण मेल पाठवू सगळ्यांना."

"दवाखान्यात मेल कोण वाचतंय, मॅडम?"

अर्पितांनी विचारलं, "शिवरंजनी, तुझे वडील कशाने गेले?"

तिने सांगितलं. संध्याकाळी अर्पितांनी एजंटने पान बनवलेल्या सगळ्या दवाखान्यांचे फोन नंबर पाठवले. सोबत एक शब्दही लिहिला नव्हता.

शिवकांतला तिने गोठ्यात गाठून सगळं सांगितलं. तो म्हशीला वैरण टाकत होता.

"मला सांगितलंस तेवढं बास," तो म्हणाला. "अव्वाला सांगू नगं."

तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलू लागला.

ती सकाळपासून फोन लावत बसे. कुणी ऐकून घेई, कुणी शिव्या देई, कुणाला आपली वेबसाइट आहे हेच ठाऊक नसे. अव्वा, तिची आई शांतम्मा, चहाचा कप घेऊन आली तेव्हा पलीकडे नुकताच कुणीतरी फोन उचलला होता.

"नमस्कार," शिवरंजनी म्हणाली. "तुमच्या वेबसाइटवर साप चावल्यावरच्या उपचाराचं लिहिलंय. ते इंजेक्शन खरंच हाय का तुमच्याकडं?"

"पेशंट कुठंय?" पलीकडच्या बाईने घाईने विचारलं.

शिवरंजनीने फोन कानाशी धरूनच वर बघितलं. अव्वा कप धरून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"हॅलो," फोनमधली बाई विचारत होती. "पेशंट कुठंय तुमचा? किती वेळ झालाय?"