विहिरीपाशी बांधलेली पोर

जिवतीच्या डोंगरावर कापूस फुटला की घरात माणूस थांबत नाही. सत्यशीलाचा नवरा अश्विन गडचांदूरला सिमेंटच्या कामावर, आठ दिवसांनी एकदा घरी यायचा. घरात दुसरं कोणी नाही. म्हणून तीन वर्षांच्या हर्षाला घेऊनच ती वेचणीला यायची. वावरात विहीर, विहिरीला कठडा नाही. मग मोहाच्या सावलीत जुन्या लुगड्याचं एक टोक बुंध्याला, दुसरं पोरीच्या कमरेला. एक तास वेचून झालं की ती येऊन पोरीला पाणी पाजायची. माझं वावर तिच्या धुऱ्याला लागून. मी रोज पाहायची. आमच्याकडं लेकरं अशीच मोठी झाली, मीसुद्धा.

एका दुपारी अंगणवाडीची रंजीता तिकडून चालली होती. ती अन् सत्यशीला एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या, बहिणींसारख्या.

"पाह्य तं, तुही पोरगी माती खाऊन कशी हासून राह्यली! फोटो काढू का व?"

"काढ नं बाई, मले काऊन इचारतं?" सत्यशीला म्हणाली. वर रंजीताला बोरंही दिली.

पुढच्या आठवड्यात बालकल्याणाच्या ऑफिसची जीप आली. एक म्याडम, दोन माणसं. हातात तोच फोटो, अन् त्याखाली लिहिलेलं, 'मुलीला झाडाला बांधून ठेवतात, देखरेखीला कोणी नाही.'

"म्याडम, हे विहीर पाहा नं," सत्यशीला हात जोडून म्हणाली. "फोटोत ते आलीच नाई. पोरगी मोकळी सोडली तं आतमधी जाईन. मी पन्नास पावलावर रायतो."

म्याडमनं विहिरीत वाकून पाहिलं अन् कागदावर आणखी एक ओळ वाढवली, 'जवळच उघडी, धोकादायक विहीर.'

मी मधात पडले, "म्याडम, आमी साऱ्याईनं लेकरं अशीच वाढवली."

"तुमचीही नावं लिहू का?" त्यांनी विचारलं. मी गप्प बसले. ते अजूनही मला खातं.

हर्षाला चंद्रपूरच्या बालगृहात नेलं. जीप दिसेनाशी झाली तशी सत्यशीला सरळ रंजीताच्या दारात गेली. मी मागं मागं.

"तू केलं हे?"

रंजीता खाली पाहत होती. "वरच्या बाई म्हने, लेकराची हेळसांड होते अशा घराचं गावातून एक तरी नाव दे. मले वाटलं, फोटो पाहून गावाले पाळणाघर देतीन."

"अन् माह्यंच नाव सापडलं? तुही दिव्यानी कुठी वाढली व? तुले नोकरी लागाच्या आधी तू कापूस वेचे, तवा तिले त्याच मोहाले तूच बांधे नं? तू ट्रेनिंगले गेली, तवा तिले महिनाभर माह्या ताटात कोन जेवू घाले?"



बावीस दिवस सत्यशीला अन् अश्विननं चंद्रपूरचे हेलपाटे घातले. अश्विनचे खाडे पडले, वावरात फुटलेला कापूस वाऱ्यानं खाली सांडला. शेवटी मोठ्या साहेबांसमोर उभं केलं.

"लेकराला बांधणं चूक आहे, हे कबूल आहे का?" साहेबांनी विचारलं.

सत्यशीलाला वाटलं, विहिरीचं पुन्हा सांगावं. पण दाराआडून हर्षाचा आवाज आला. सत्यशीला म्हणाली, "हो साहेब. चुकलो."

तिनं अंगठा दिला. पोर परत मिळाली. अट एकच होती, वेचणीच्या दिवसांत मुलीला वावरात न्यायचं नाही, अंगणवाडीत ठेवायचं.

गावात अंगणवाडी एकच, अन् तीही दुपारी एकला बंद होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यशीला पोरीला घेऊन त्या दारात उभी राहिली. रंजीता हळूच म्हणाली, "एक वाजल्यावर मी माह्या घरी नेतो तिले. तू येतवरी ठेवतो. पान्याचं, जेवनाचं पाह्यतो."

सत्यशीला तिच्याकडं पाहत राहिली. नाही म्हणावं तर पोरीला ठेवायचं कुठं? तिनं पोरीला पुढं केलं. 

हर्षा उडी मारून रंजीताच्या कडेवर गेली अन् तिच्या गळ्यात हात टाकून खुदकन हसली. पोरीला काय ठाऊक.

सत्यशीलानं पाठ फिरवली. वावरापर्यंत मी तिच्यासोबत चालले. मोहाच्या बुंध्याला लुगडं अजून बांधलेलंच होतं; तिनं ते सोडलं, कापसासाठी कमरेला बांधलं अन् वेचायला लागली.